कोंडा गेला की बाटली फडताळात जाते, तिथेच चुकतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४२, बैठी नोकरी. बारा वर्षांपासून डोक्याला खाज, पिवळट चिकट खपल्या, अधूनमधून भुवयांत आणि कानामागेही. चार डॉक्टर झाले, पाच-सहा शाम्पू झाले, होमिओपॅथी, कडुनिंब, लिंबू, दही सगळं झालं. मेडिकलवाल्याने दिलेलं एक लोशन लावलं की आठवड्यात साफ, आणि सोडलं की महिन्याच्या आत पुन्हा तेच. 'रक्तात काही दोष आहे का, आणि कायमचं जाईल असं काही आहे का?'

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. कायमचं घालवणारं औषध आज तरी नाही. कुणी तशी हमी देत असेल तर पाकीट खिशातच राहू द्या. पण खाज नाही, खांद्यावर भुसा नाही, अशी वर्षंच्या वर्षं काढता येतात. तशी काढणारे पेशंट माझ्याकडे बरेच आहेत. म्हणजे ते येत नाहीत, त्यावरूनच कळतं. आणि एक कबुली देऊन टाकते. माझ्या स्वतःच्या उजव्या कानामागे हा पाहुणा वीसेक वर्षं मुक्कामाला आहे, तेव्हा पुढचं सगळं टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलेली बाई सांगते आहे असं समजा.

तुम्ही लिहिलेल्या गोष्टींत मला सगळ्यात उपयोगाची वाटली ती भुवया आणि कानामागची. डोक्याच्या आजाराचं निदान बरेचदा डोक्याबाहेर सापडतं. भुवया, नाकाच्या कडेच्या घड्या, कानामागची खाच, दाढी, छातीचा मध्य या सगळ्या जागी तैलग्रंथी जास्त असतात. तिथे एकाच वेळी लालसरपणा आणि चिकट पापुद्रे दिसले तर बहुतेक वेळा तो सेबोऱ्हिक डर्मटायटिस निघतो. नाव जड आहे. कोंड्याचा थोरला भाऊ म्हणा हवं तर. साध्या कोंड्यात कोरडा भुसा पडतो आणि त्वचा फारशी लाल नसते. इथे त्वचाच सुजलेली असते, म्हणून खाज सुटते.

रक्तात दोष नाही. हा आजार रक्तातून आलेला नसतो, त्यामुळे 'रक्तशुद्धी'च्या बाटल्यांनी तो जातही नाही. कारण असं की मॅलॅसेझिया नावाचं एक यीस्ट, म्हणजे सूक्ष्म बुरशी, आपल्या सगळ्यांच्याच त्वचेवर राहते. मलासे या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७४ मध्ये ती खपल्यांत पाहिली होती, म्हणून हे नाव. ती तुमच्या डोक्यावर आहे, तुमच्या बायकोच्या आहे, माझ्याही आहे. तेव्हा 'मला लागण कुठून झाली' आणि 'मुलांना होईल का' हे दोन्ही प्रश्न सोडून द्या. कंगवा वेगळा ठेवायचीही गरज नाही. ही बुरशी त्वचेवरचं तेल फोडते, त्यातली काही स्निग्धाम्लं (फॅटी ॲसिड) मागे सोडते, आणि काही माणसांच्या त्वचेला ती झोंबतात. कुणाला झोंबतात, कुणाला नाही. तुमची त्वचा झोंबणाऱ्यांतली आहे, एवढंच. म्हणूनच तान्ह्या बाळाच्या टाळूवर पिवळी खपली धरते ती काही महिन्यांत आपोआप जाते, आणि मग वयात येताना, तैलग्रंथी पुन्हा कामाला लागल्या की, हा प्रकार परत डोकं वर काढतो आणि पुढे चाळिशी-पन्नाशीपर्यंत ये-जा करत राहतो.

आता तेलाचं. यावर घराघरांत भांडणं होतात आणि त्यात मला ओढलं जातं, म्हणून सविस्तर सांगते. या बुरशीला स्वतःची स्निग्धाम्लं तयार करता येत नाहीत, ती बाहेरून लागतात. प्रयोगशाळेत तिच्यातल्या बहुतेक जाती वाढवायच्या तर थाळीवर ऑलिव्ह तेलाचा थर द्यावा लागतो. हे चित्र डोळ्यासमोर ठेवा आणि मग रात्रभर तेलात मुरवलेलं डोकं आठवा. 'डोकं कोरडं पडलंय म्हणून कोंडा होतो, तेल घाल' हा सल्ला आपल्याकडे आईकडून लेकीकडे आलेला आहे, आणि सेबोऱ्हिकमध्ये तो नेमका उलटा पडतो. तेल लावलं की खपल्या केसांना चिकटून बसतात, उडत नाहीत, दोन दिवस छान वाटतं. खालचं काम मात्र चालूच असतं. मी तेल कायमचं बंद करा असं म्हणत नाही. दिवाळीच्या अभ्यंगस्नानाला 'आम्ही तेल लावू का' असं विचारणारे पेशंट येतात तेव्हा मलाच ओशाळायला होतं. जरूर लावा, आणि त्याच अंघोळीत शाम्पूने उतरवून टाका. तेल डोक्यावर तासभर थांबलं तर बिघडत नाही, मुक्काम करू देऊ नका. जाड खपली मऊ करायला तर मी स्वतःच खोबरेल सांगते, पण ते औषध आत पोचावं म्हणून, आणि धुवायच्या तासभर आधी.

यापुढचा भाग नीट वाचा, कारण माझ्या मते तुमची बारा वर्षं इथेच गेली.

नव्या पेशंटला मी विचारते, 'डोकं कसं धुता, हाताने करून दाखवा.' आधी हसतात, मग दाखवतात. तळहातावर शाम्पू घेतला, दोन्ही हात एकमेकांवर चोळले, केसांवरून फिरवले, फेस आला, डोळे मिटून दोन तांबे ओतले. घड्याळ लावून पाहिलं तर सगळं मिळून मिनिटभर. म्हणजे औषधाचा निम्मा भाग तळहाताला लागला, उरलेला केसांच्या टोकांना, आणि मग तो मोरीत गेला. त्वचेला काय मिळालं? आपल्या भाषेत 'केस धुणं' आणि 'डोकं धुणं' असे दोन वेगळे शब्द आहेत. औषधी शाम्पू हा डोकं धुवायचा आहे.

पद्धत अशी. पहिल्या फेरीत कुठलाही साधा शाम्पू घ्या. घाम, तेल, धूळ निघून जाऊ द्या, कारण तेलकट डोक्यावर औषध घसरतं. पाणी निथळू द्या. मग औषधी शाम्पू बोटांच्या टोकांवर घेऊन, कपाळापासून मागे असे सहा-सात भांग पाडत, प्रत्येक भांगात त्वचेला लावा. बोटांच्या गाद्यांनी लावायचं, नखांनी नाही. मान जिथे सुरू होते ती केसांची कड आणि कानामागच्या खाचा हमखास राहून जातात, तिथे आठवणीने. तोच फेस डोळे मिटून भुवयांना आणि नाकाच्या कडांना लावा. आणि आता पाच मिनिटं थांबा. दाढी करा, अंग घासा, काहीही करा, पण डोक्यावर पाणी घेऊ नका. बाथरूममध्ये पाच मिनिटं फार लांब वाटतात. मी मोबाइल दाराबाहेर ठेवून टायमर लावते, अंदाजाने थांबलं की माझी स्वतःचीही दोन मिनिटांतच घाई होते. मग धुवून टाका. लांब केस असणाऱ्यांनी नंतर कंडिशनर लावायला हरकत नाही, फक्त केसांच्या खालच्या भागाला लावा, मुळांना नको.

औषध कोणतं, तर सुरुवातीला बहुधा २ टक्के किटोकोनॅझोल, म्हणजे बुरशीवरचं औषध असलेला शाम्पू. आठवड्यातून दोनदा, चार आठवडे. त्यानंतर, आणि बहुतेक सगळे इथेच निसटतात, आठवड्यातून एकदा किंवा पंधरा दिवसांतून एकदा, चालूच. डोकं साफ आहे तरी चालू. 'डॉक्टर, गेलं ना आता, मग कशाला?' असं विचारतात. अहो, तो गेला नाही, बसलाय. यीस्टची संख्या कमी झाली म्हणून खाज थांबली. शाम्पू थांबला की ती हळूहळू वाढते, आणि महिनाभराने तुम्ही मला किंवा देवाला दोष देता. दात घासायचं आपण कीड गेली म्हणून सोडत नाही, तसंच हे.

एकाच औषधाने भागत नसेल तर बदलून पाहता येतं. सायक्लोपिरॉक्स आहे, सेलेनियम सल्फाइड आहे, झिंक पायरिथिऑन आहे, कोळशाचं डांबर म्हणजे कोल टार आहे. टारला वास येतो आणि पांढऱ्या केसांवर पिवळी झाक येऊ शकते. सेलेनियमने चांदीची अंगठी काळवंडते आणि रंगवलेल्या केसांचा रंग बदलतो, हे आधीच सांगितलेलं बरं. जर्मनीत असलेल्या एका पेशंटची तक्रार होती की तिचा नेहमीचा शाम्पू तिथे 'चालत नाही'. युरोपीय संघात सौंदर्यप्रसाधनांतून झिंक पायरिथिऑन मार्च २०२२ पासून बाद झालं आहे, त्यामुळे नाव तेच असलं तरी आतलं औषध वेगळं असू शकतं. परदेशी असाल तर बाटलीची मागची बाजू वाचा. आणि किटोकोनॅझोलच्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने कधीही घेऊ नका, त्या यकृताला त्रास देतात. शाम्पू आणि गोळी यांत फार मोठं अंतर आहे.

आता ते आठवड्यात साफ करणारं लोशन. नाव न सांगताही मला त्याचा अंदाज येतो. क्लोबेटासॉल किंवा तसलंच तीव्र स्टेरॉइड असणार, कदाचित सोबत सॅलिसिलिक ॲसिड. स्टेरॉइड वाईट नाही. भडका उडालेला असताना मीही देते, रात्री थोडंसं, आठ-दहा दिवस, आणि मग बंद. ते सूज आणि खाज झटकन उतरवतं. बुरशीला मात्र हात लावत नाही. म्हणून बरं वाटतं आणि परत येतं, पुन्हा लावलं जातं, आणि अशी वर्षं जातात. डोक्याची कातडी जाड असते, काही काळ सहन करते. पण तोच हात भुवयांवर, नाकाजवळ, दाढीत फिरतो. मग तिथे कातडी पातळ होते, लाल रेषा दिसायला लागतात, पुरळ येतं, ऊन सहन होत नाही. आमच्या ओपीडीत अशा चेहऱ्यांची रांग असते. २०१८ मध्ये सरकारने त्वचेवर लावायची स्टेरॉइड औषधं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. तरीही 'खाजेचं काहीतरी द्या' म्हटलं की काउंटरवर ट्यूब येतेच, हे तुम्हालाही माहीत आहे. तुमचं लोशन एकदम फेकू नका. शाम्पूचे चार आठवडे सुरू करा, लोशन एक दिवसाआड, मग आठवड्यातून दोनदा, मग बंद, असं उतरवा, आणि हे शक्यतो त्वचारोगतज्ज्ञाच्या नजरेखाली करा. चेहऱ्यासाठी स्टेरॉइड नसलेली मलमं आहेत, ती चिठ्ठीवर मिळतील.

पण हे सगळं निदान बरोबर असेल तर. आणि इथे माझी एक फजिती सांगते.

पन्नाशीचे एक शिक्षक माझ्याकडे चार महिने येत होते. डोक्याला खाज, कपाळाच्या कडेला लाली, कानाच्या वरच्या काठावर ओली पुटकुळी. मी सेबोऱ्हिक धरून चालले. शाम्पू बदलले, लोशन दिलं. थोडं बरं, पुन्हा भडका. पाचव्या वेळी आले तेव्हा पापण्या सुजलेल्या होत्या आणि सोबत त्यांची पत्नी होती. मी नेहमीचे प्रश्न विचारत होते, तेवढ्यात त्या म्हणाल्या, 'ह्यांचं मेंदीनंतरच वाढतं बघा, दर महिन्याला.' मेंदी म्हणजे काळी मेंदी. पाकिटावर 'हर्बल', आत पीपीडी नावाचं रसायन, म्हणजे हेअर डायमधलंच. त्यांना डायची ॲलर्जी होती आणि मी चार महिने कोंड्याच्या मागे होते. 'केसांना काही लावता का' असं मी विचारलं होतं, आणि ते 'नाही' म्हणाले होते, कारण त्यांच्या लेखी मेंदी म्हणजे 'काही लावणं' नव्हतं. तेव्हापासून मी 'डाय करता का, मेंदी लावता का, मिशीला लावता का' असं सुटं सुटं विचारते. रंग लावल्यानंतर एक-दोन दिवसांनी खाज वाढत असेल, कान, कपाळ, पापण्या, मान सुजत असेल, तर आधी रंग बंद. साधी, हिरवी, नुसत्या पानांची मेंदी बहुतेकांना चालते, ती केशरी-लाल रंगते. मेंदी काळी रंगत असेल तर त्यात आणखी काहीतरी आहे.

दुसरा मोठा वेषांतर करणारा म्हणजे सोरायसिस. त्याची खपली रुपेरी, कोरडी, जाड, अभ्रकाच्या पापुद्र्यांसारखी. चट्ट्याला स्पष्ट कड असते, बोटाने डोळे मिटून चाचपली तरी कळते, आणि तो केसांची रेघ ओलांडून कपाळावर उतरतो. अशा वेळी मी पेशंटला बाही वर करायला सांगते. कोपरं, गुडघे, माकडहाड, आणि मुख्य म्हणजे नखं. नखांवर टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे असले, सकाळी उठल्यावर बोटांचे सांधे आखडत असले, घरात कुणाला असलं, तर शाम्पूवर वेळ घालवू नका. सोरायसिसही संसर्गजन्य नाही, पण त्याचं औषध वेगळं, आणि सांध्यांकडे दुर्लक्ष झालं तर ते वाकडे होतात. दोन्हींची सरमिसळ असलेली डोकीही असतात, त्यांचा फैसला कधीकधी बायॉप्सीनेच होतो.

बाकीचे भराभर. शाळेत जाणारं मूल घरात असेल आणि खाज मानेवर नि कानामागे जास्त असेल, तर लाज न बाळगता उवा बघा. कोंडा फुंकरीने उडतो, लीख केसाला घट्ट चिकटते, नखाने ओढून काढावी लागते. केस तुटून ठिपक्यांसारखे खुंट दिसत असतील, गोल चट्टा असेल, तर तो डोक्यातला नायटा, त्याला पोटात घ्यायचंच औषध लागतं. हा मोठ्यांत कमी दिसतो. मानेवर एकाच जागी वर्षानुवर्षं खाजवून कातडी चामड्यासारखी जाड झाली असेल तर तिथला मूळ आजार कधीच संपलेला असतो, उरलेली असते ती सवय. आणि खाज आहे पण डोकं अगदी स्वच्छ आहे, लाली नाही, खपली नाही, तर शाम्पू ठेवून द्या आणि मधुमेह, थायरॉइड, लोह, मानेचे मणके यांच्याकडे बघायला सांगा.

घाई करायची ती एकाच ठिकाणी. खाज किंवा जळजळ आहे आणि त्या जागचे केस जाऊन त्वचा गुळगुळीत, चकचकीत, भोकं बुजल्यासारखी दिसते आहे, तर त्याच आठवड्यात तज्ज्ञाला दाखवा. त्यात केसांची मुळं कायमची जातात. सेबोऱ्हिकने टक्कल पडत नाही. खाजवून, ओरबाडून केस गळतात ते परत येतात. आणखी एक गोष्ट, जी सांगितली की लोक दचकतात. कधी काही नव्हतं आणि अचानक डोकं-चेहरा-छाती जोरात भडकली, कशालाच दाद देत नाही, तर डॉक्टर एचआयव्हीची तपासणी सुचवतील. त्यात चारित्र्यावर शंका नसते. प्रतिकारशक्ती खाली गेली की हा आजार उसळतो, एवढाच त्याचा अर्थ. पार्किन्सनच्या रुग्णांतही तो जास्त दिसतो.

घरगुती उपायांचं तुम्ही विचारलं नाहीत, पण यादी दिलीत. लिंबू खाजवलेल्या त्वचेवर झोंबतं, आणि ते लावून उन्हात गेलात तर कपाळावर काळे ओघळ उमटतात, ते महिनोन्‌महिने जात नाहीत. कांद्याच्या रसाने भाजल्यासारखी झालेली डोकी मी पाहिली आहेत. दह्याने नुकसान नाही, फायदाही दिसला नाही. शिकेकाई-रिठ्याने डोकं स्वच्छ होतं, तेव्हा साध्या शाम्पूच्या फेरीत ती चालेल, औषधाच्या जागी नको. आणि झिरो कट मारून आजार जात नाही, पण शाम्पू त्वचेपर्यंत पोचणं सोपं होतं, हे खरं.

थंडीचं सांगायचं राहिलं. मी नाशिकची. निफाडचा पारा उतरल्याची बातमी पेपरात आली की आठवड्याभरात आमच्याकडे खाजणारी डोकी वाढतात. कोरडी हवा हे एक कारण, आणि दुसरं म्हणजे कढत पाण्याच्या बादल्या. कढत पाणी खाजेवर पडलं की जो आनंद होतो तो मलाही ठाऊक आहे, पण दहा मिनिटांनी खाज दुप्पट होऊन येते. पाणी कोमट ठेवा. ऑक्टोबर संपता संपता आपणहून पंधरवड्याचा शाम्पू आठवड्यावर आणा, संक्रांत होऊन ऊन तापायला लागलं की परत पंधरवड्यावर. जागरणं, परीक्षा, मार्चएंड, घरातलं आजारपण यांतही हे उसळतं. तेव्हा स्वतःला दोष देण्यापेक्षा त्या आठवड्यात एक धुणं वाढवा. रात्री झोपेत खाजवत असाल तर नखं अगदी मुळापासून कापा.

चार आठवडे सांगितल्याप्रमाणे धुवून फरक नाही पडला, तर तज्ज्ञाकडे जा, आणि जाताना घरातल्या सगळ्या बाटल्या, ट्यूबा, तेलं, मेंदीचं पाकीटसुद्धा एका पिशवीत घालून न्या. आधीचे दोन दिवस डोकं धुऊ नका आणि तेल लावू नका, नाहीतर आम्हाला बघायला काही उरत नाही. आणि जमलं तर बायकोला सोबत न्या.